मनानं रचलेल्या भाषेत नावं कुठून येतात

सोलापूर म्हणजे सोळा पुरं. आदिलपूर, अहमदपूर, चपळदेव, फत्तेपूर, जामदारवाडी अशी सोळा गावं मिळून हे शहर झालं, असं आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत नाही तर घरी ऐकलेलं असतं. ऐकायला पटतंही. शिलालेख मात्र वेगळं सांगतात. कल्याणीच्या कलचुरींच्या काळातले, म्हणजे शिवयोगी सिद्धेश्वरांच्या काळातले लेख या गावाला ‘सोन्नलगे’ म्हणतात, उच्चार सोन्नलगी. यादवांच्या राज्यापर्यंत हेच नाव चालू होतं. मोहोळ तालुक्यातल्या कामतीला सापडलेल्या शके १२३८ च्या संस्कृत लेखात ‘सोनलीपूर’ येतं. भुईकोट किल्ल्यातल्या एका लेखात ‘सोनलपूर’ आहे, तर तिथल्याच विहिरीवरच्या लेखात ‘संदलपूर’. पुढे सोनलपुरातला ‘न’ गळून पडला आणि सोलापूर उरलं. इंग्रजांनी त्याचं शोलापूर केलं.

एकाच नावात इथं किती गोष्टी घडल्या पाहा. मूळ अर्थ विस्मरणात गेला. उच्चार झिजला. कन्नड वळणाच्या ‘गी’च्या जागी संस्कृत ‘पूर’ आलं. आणि नावाला पुन्हा काहीतरी अर्थ असावा म्हणून लोकांनी सोळा गावांची गोष्ट जोडली. खऱ्या गावाच्या बाबतीत याला कित्येक शतकं लागली. जी माणसं कादंबरीसाठी किंवा सिनेमासाठी अख्खी भाषा मनानं रचतात, त्यांना हे सगळं टेबलाशी बसून घडवावं लागतं. ते कसं घडवतात, त्यांचे शब्द येतात कुठून आणि त्यांची नावं आपल्याला खरी का वाटतात, ते आज बघू. सोलापूरच्या वाचकाला हा विषय इतरांपेक्षा लवकर कळेल असं मला मनापासून वाटतं. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू अशा चार भाषा इथं एकाच चौकात ऐकू येतात, आणि भाषारचनेची निम्मी विद्या कानातच असते.

कल्पित भाषा म्हटली की पुष्कळांना वाटतं, चमत्कारिक अक्षरं जोडायची, मध्ये एखादा ‘क्ष’ किंवा ‘झ्र’ घालायचा, की झालं. असं केलेलं एखादं नाव खपूनही जातं. दहा नावं शेजारी ठेवली की बिंग फुटतं, कारण ती दहा वेगवेगळ्या गावांहून आल्यासारखी दिसतात. खऱ्या भाषेला आवाजांची आवडनिवड असते. तेलुगूला शब्दाच्या शेवटी स्वर लागतो, म्हणून अशोक चौकातले आजोबा ‘बस’ म्हणत नाहीत, ‘बस्सु’ म्हणतात. ‘कार’चं ‘कारु’ होतं. मराठीला ‘ळ’ आणि ‘ण’ लाडके. पाहुणा शब्द घरात आला की घर त्याला आपल्या चालीचे कपडे घालतं. म्हणून भाषा रचणारा सर्वांत आधी ठरवतो तो आवाजांचा नियम: या भाषेत कोणते वर्ण आहेत, कोणते मुळीच नाहीत, शब्द कशानं सुरू होतो आणि कशानं संपतो.

या कामातलं सर्वांत मोठं नाव म्हणजे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीचे लेखक आणि ऑक्सफर्डचे प्राध्यापक जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३). त्यांनी देवकुळासारख्या एका कल्पित लोकसमूहासाठी, म्हणजे एल्फ लोकांसाठी, दोन मुख्य भाषा रचल्या: क्वेन्या आणि सिंदारिन. क्वेन्याचा नाद फिनिश भाषेवरून घेतला. विद्यार्थिदशेत फिनिशचं व्याकरण हाती लागलं आणि त्या आवाजांनी त्यांना वेड लावलं. सिंदारिनला वेल्शचं वळण आहे. लहानपणी रेल्वेच्या कोळशाच्या डब्यांवर लिहिलेली वेल्श गावांची नावं त्यांनी पाहिली होती, ती कायमची मनात बसली. होटगी, कुर्डूवाडीच्या पाट्या वाचत ज्याचं बालपण गेलं, त्याला हे वेड वेगळं समजावून सांगायला नको.

क्वेन्यातला शब्द स्वरानं संपतो, नाहीतर त, न, ल, र, स या मोजक्या व्यंजनांपैकी एकानं. एवढ्या एका नियमामुळे क्वेन्याची सगळी नावं एका घरची वाटतात. टॉल्किनचा पेशाही इथं कामी आला. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी काही काळ ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशात काम केलं. शब्दांचा उगम शोधणं हेच तिथलं काम. १९२५ मध्ये ते जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक झाले. पुढे एका पत्रात त्यांनी स्पष्ट लिहिलं की आधी भाषा झाल्या, त्या भाषांना राहायला जग हवं म्हणून गोष्टी आल्या. लोक समजतात ते याच्या उलट.

आता या विषयाचा गाभा. तो जरा सावकाश बघायला हवा.

दूध हा शब्द घ्या. तेलुगूत ‘पालु’, कन्नडात ‘हालु’. वाघ: तेलुगूत ‘पुलि’, कन्नडात ‘हुलि’. फूल: ‘पुव्वु’ आणि ‘हूवु’. खेडं: ‘पल्ले’ आणि ‘हळ्ळी’. नाव या शब्दालाच तेलुगूत ‘पेरु’ आणि कन्नडात ‘हेसरु’ म्हणतात. जिथं तेलुगूत सुरुवातीला ‘प’, तिथं कन्नडात ‘ह’. एखाददुसऱ्या शब्दात योगायोगानं असं झालं असतं तर सोडून दिलं असतं. इथं ओळच लागली आहे. कारण असं की दोन्ही भाषांचा पूर्वज एक. त्याच्याकडे ‘प’ होता. तेलुगूनं तो जपला. कन्नडातही आधी ‘प’च होता, पण साधारण दहाव्या ते चौदाव्या शतकाच्या दरम्यान शब्दाच्या सुरुवातीचा ‘प’ हळूहळू ‘ह’ झाला. सिद्धेश्वरांची कन्नड वचनं याच काळातली आहेत.

अशा बदलाला ध्वनिनियम म्हणतात. त्याचा विशेष हा की तो शब्द बघून होत नाही, आवाज बघून होतो. दुधाला एक न्याय आणि वाघाला दुसरा, असं तो करत नाही. मराठीतही हेच घडलं आहे. संस्कृत हस्त, कर्ण, दंत, सप्त, अष्ट. मराठी हात, कान, दात, सात, आठ. जोडाक्षर फुटलं, एक व्यंजन गेलं, आणि गेलेल्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला. आपण हे व्याकरणात पाठ करत नाही, तरी एखाद्यानं हस्ताचा ‘हत’ केला तर कानाला लगेच खटकतं.

टॉल्किननं हेच केलं. आधी एक जुनी मूळ भाषा कल्पिली, तिच्यात धातू, म्हणजे शब्दांची मुळं, ठरवले, आणि त्या धातूंना दोन वेगवेगळ्या वाटांनी चालवलं. एका वाटेच्या शेवटी क्वेन्या, दुसरीच्या शेवटी सिंदारिन. मूळ भाषेतला ‘क्व’ क्वेन्यात तसाच राहिला, सिंदारिनमध्ये त्याचा ‘प’ झाला. म्हणून ‘शब्द’ याला क्वेन्यात ‘क्वेत्ता’ आणि सिंदारिनमध्ये ‘पेथ’. ‘व्यक्ती’साठी एकीकडे ‘क्वेन’, दुसरीकडे ‘पेन’. मूळ भाषेतला सुरुवातीचा ‘ग’ क्वेन्यात गळतो, सिंदारिनमध्ये टिकतो. म्हणून झाडाला क्वेन्यात ‘आल्दा’ आणि सिंदारिनमध्ये ‘गलाध’. दगडाला ‘ओन्दो’ आणि ‘गोन्द’. सूर्य ‘अनार’ आणि ‘अनोर’, चंद्र ‘इसिल’ आणि ‘इथिल’.

हे वाचताना पालु-हालु आठवलं असेल तर विषय समजलाच. एल्फांच्या दोन भाषा एकमेकींच्या चुलत बहिणी आहेत, तेलुगू आणि कन्नडासारख्या. लेखकानं एक शब्द ठरवला की त्याचं दुसऱ्या भाषेतलं रूप त्याला मनानं रचावं लागत नाही, नियमानं काढावं लागतं. मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. पहिल्या काही नियमांनंतर रचणाऱ्याची मर्जी कमी होत जाते आणि भाषा स्वतःच्या कायद्यानं चालायला लागते.

‘क्व’चा ‘प’ ही काही हवेतली कल्पना नाही. खऱ्या युरोपात ती घडलेली आहे. लॅटिनमध्ये ‘कोण’ म्हणजे ‘क्विस’, वेल्शमध्ये ‘पुइ’. आपल्याकडे संस्कृत ‘कः’ आणि मराठी ‘कोण’. ‘चार’ला लॅटिनमध्ये ‘क्वात्तुओर’, वेल्शमध्ये ‘पेद्वार’, संस्कृतात ‘चत्वारि’. हे तिन्ही शब्द एकाच मुळापासून आले. सिंदारिनला वेल्शचा चेहरा द्यायचा होता, तर टॉल्किननं वेल्शचे शब्द उचलले नाहीत. वेल्श ज्या वाटेनं घडली ती वाट उचलली. रचनाकार मोठा कशात असतो ते इथं दिसतं.

इथंच एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी, कारण नावांची व्युत्पत्ती म्हटली की आपण सगळेच मोहात पडतो. दोन शब्द सारखे दिसले म्हणजे ते नात्यातले असतात असं नाही. बदनाम, बदनशीब यांतला फारसी ‘बद’ आणि इंग्रजीतला ‘बॅड’ यांचा अर्थ एक, आवाज जवळपास एक, पण नातं काही नाही. उलट संस्कृत ‘चक्र’ आणि इंग्रजी ‘व्हील’ एकमेकांना ओळखणारही नाहीत, तरी ते एकाच मुळाचे आहेत. टॉल्किनच्या नकाशात ‘रोहन’ नावाचा देश आहे. आपल्या शेजारीपाजारी एखादा रोहन असतोच. आपला रोहन संस्कृतातल्या ‘रुह्’ धातूचा, वर चढणारा. त्यांचा रोहन सिंदारिनमधल्या ‘रोख’ म्हणजे घोडा या शब्दावरून. मूळ रूप ‘रोखन्द’, घोड्यांचा प्रदेश. गोंदोर या शेजारच्या देशात ‘ख’ नरम होऊन ‘ह’ झाला, शेवटचा ‘द’ गेला, राहिलं रोहन. नातं ठरतं ते ओळीनं जुळणाऱ्या आवाजांवरून, एका शब्दाच्या चेहऱ्यावरून नाही.

आता नावांकडे वळू. कल्पित भाषेतलं नाव बहुतेक वेळा दोन तुकड्यांचं असतं, जसं आपल्याकडे अक्कलकोट, तांदुळवाडी, तुळजापूर वेस. कोट, वाडी, वेस, पेठ, पूर या शेपट्या माहीत असल्या की अनोळखी गावातही आपण हरवत नाही. वेस म्हटलं की जुन्या शहराची हद्द कुठं होती ते कळतं. नकाशावर सोलापूरच्या दक्षिणेला बघा: होटगी, बंकलगी. सोन्नलगीच्याच वळणाची नावं. हत्तूरच्या शेवटी तर कन्नडातला ‘ऊरु’, म्हणजे गाव, ऐकू येतो. कोणत्या भाषेची माणसं कुठवर वस्ती करून होती, हे अशा शेपट्यांवरून उमगत जातं.

सिंदारिनमध्ये ‘दोर’ म्हणजे भूमी. ‘गोन्द’ दगड, गोंदोर म्हणजे दगडांचा देश. ‘मोर’ काळा, मोर्दोर म्हणजे काळा देश. (नान्नजच्या माळरानावरच्या मोराचा आणि या ‘मोर’चा संबंध नाही, हे वर आलंच.) मोरिया म्हणजे काळी दरी. मोरान्नोन म्हणजे काळा दरवाजा. वाचकाला सिंदारिनचं एक अक्षर येत नसतं, पण तीन-चार नावांनंतर ‘मोर’ कानावर आला की त्याच्या मनात अंधार पडतो. लेखकानं ‘ही जागा भयंकर आहे’ असं वेगळं सांगायची गरज राहत नाही. ‘मिथ’ म्हणजे करडा. मिथ्रांदिर म्हणजे करडा यात्रिक, तर ‘मिथ्रिल’ या धातूच्या नावात करडी चमक. ‘तिर’ या शब्दधातूचा अर्थ लक्ष ठेवणं. ‘पालान’ म्हणजे दूरवर. दूरचं दाखवणारा गोळा क्वेन्यात झाला पालांतीर. त्याच धातूपासून सिंदारिनमधलं ‘तिरिथ’, पहारा, आणि मग मिनास तिरिथ, पहाऱ्याचा बुरूज.

या बुरुजाचं नाव आधीपासून तसं नव्हतं, ही मला फार आवडणारी गोष्ट. आधी दोन जुळे बुरूज होते: मिनास अनोर, सूर्याचा, आणि मिनास इथिल, चंद्राचा. आजूबाजूचे प्रदेशही त्याच जोडीचे, अनोरियन आणि इथिलियन. पुढं चंद्राचा बुरूज शत्रूनं घेतला. त्याचं नाव पडलं मिनास मोर्गुल, काळ्या विद्येचा बुरूज. मग सूर्याच्या बुरुजाला नुसतं सूर्याचं म्हणून कसं चालेल? तो पहाऱ्याचा झाला. प्रदेशांची नावं मात्र तशीच राहिली. इथिलियन उच्चारताना हरवलेला चंद्र अजून तोंडी येतो. पाडलेल्या दरवाजाची वेस आपल्या तोंडी राहते, तसंच.

लेगोलास हे नाव आणखी बारीक काम दाखवतं. ‘लाएग’ म्हणजे हिरवा, ‘गोलास’ म्हणजे पानांचा भार. शुद्ध सिंदारिनमध्ये ते लाएगोलास व्हायला हवं. पण हा मुलगा वनातल्या एल्फांचा. त्यांची बोली गावाकडची. तिथं ‘लाए’चा ‘ले’ होतो. म्हणजे नावावरूनच कळतं की हा कुठल्या बाजूचा आहे. सोलापुरातला पोरगा पुण्यात जाऊन ‘काय करायलास बे’ म्हणाला की त्याला गाव सांगावं लागत नाही. बोलीचा हा शिक्का नावात उमटवणं फार थोड्यांना जमतं, कारण त्यासाठी आधी प्रमाण भाषा पूर्ण माहीत असावी लागते आणि मग तिच्यापासून नेमकं किती ढळायचं ते ठरवावं लागतं.

आणि सोळा पुरांची गोष्ट? तिचाही जोडीदार तिथं आहे. गलाद्रिएल ही वनात राहणारी राणी. तिच्या नावात ‘गलाद’ म्हणजे तेज आणि ‘रिएल’ म्हणजे मुकुट किंवा हार ल्यालेली कन्या. तेजाचा हार ल्यालेली, असा अर्थ. तिचे केस सोनेरी होते म्हणून. पण ती राहते उंच झाडांच्या वनात, आणि झाडाला शब्द आहे ‘गलाध’. तिथल्या लोकांना गलाध्रिम म्हणतात, झाडांचे लोक. ‘द’ आणि ‘ध’ची एवढीशी सरमिसळ. त्यामुळे वनाबाहेरचे लोक तिला ‘गलाध्रिएल’ म्हणायला लागले, जणू नाव झाडावरूनच पडलं. टॉल्किननं हा घोटाळा मुद्दाम घातला आणि त्याची नोंदही केली. ज्यानं आयुष्यभर खऱ्या शब्दांची मुळं शोधली, त्याला माहीत होतं की लोक नावाचा अर्थ न लावता राहूच शकत नाहीत. अभ्यासक याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. शास्त्राच्या दृष्टीनं ती चुकीची असेल, पण गावाला आपल्या नावाबद्दल काय वाटतं याचा तो खरा पुरावा असतो. सोळा गावांची गोष्टही मी तेवढ्याच आदरानं ऐकतो.

आवाजावरून माणसं भांडतात, हेही त्यानं सोडलं नाही. क्वेन्यात एक जुना आवाज होता, ‘थ’सारखा, जीभ दातांत धरून केलेला. बहुतेकांनी तो सोडून ‘स’ धरला. फेआनोर या कारागिराच्या आईच्या उपनावात तो आवाज होता, थेरिंदे, म्हणजे भरतकाम करणारी. आई गेलेली. लोक तिला ‘सेरिंदे’ म्हणायला लागले तेव्हा फेआनोरला तो आईचा अपमान वाटला. त्यानं आणि त्याच्या मुलांनी जुना उच्चार हट्टानं धरून ठेवला, आणि हळूहळू कोण कुणाच्या बाजूचं ते एका आवाजावरून ठरायला लागलं. ‘पानी’ म्हटलं म्हणून वर्गात ज्याला हसलं गेलं आहे, त्याला ही कथा परकी वाटणार नाही. न आणि ण यांत श्रेष्ठ-कनिष्ठ काही नसतं. तरी तेवढ्या फरकावर माणसाचं माप काढलं जातं, आणि ते बंद व्हायला हवं असं मी जिथं बोलायला मिळेल तिथं बोलतो.

एवढं टॉल्किनबद्दल. त्याच्यानंतरच्या लोकांनी दुसऱ्या दिशेनं चांगलं काम केलं: शब्दसंग्रह लोकांच्या जगण्यातून काढायचा. अमेरिकी भाषारचनाकार डेव्हिड पीटरसन यांनी २००९ पासून एका दूरचित्रवाणी मालिकेसाठी दोथ्राकी ही घोडेस्वार टोळ्यांची भाषा वाढवली. ‘दोथ्रालात’ म्हणजे घोड्यावरून जाणं. त्या लोकांचं नाव त्याचंच, स्वार. खुशाली विचारताना ते म्हणतात, ‘हाश येर दोथ्राए चेक?’ शब्दशः, तुझी स्वारी बरी चालली आहे ना? आपण दारात आलेल्याला ‘जेवण झालं का’ विचारतो, तसं. त्या भाषेत ‘धन्यवाद’ला शब्दच नाही. कोणता शब्द नसावा हे ठरवणंसुद्धा शब्दसंग्रहाचाच भाग आहे.

त्याच वर्षी आलेल्या एका हॉलिवूडपटासाठी पॉल फ्रॉमर यांनी नावी ही भाषा रचली. ते निळे लोक चार बोटांचे, म्हणून त्यांची मोजणी आठाची. आठ म्हणजे ‘वोल’, सोळा म्हणजे ‘मेवोल’, दोन आठ. आपल्या दशमान पद्धतीमागे आपली दहा बोटं आहेत, हे अशा वेळी ध्यानात येतं. स्टार ट्रेकच्या जगातली क्लिंगॉन मार्क ऑक्रँड या भाषाशास्त्रज्ञानं घडवली, १९८५ मध्ये तिचा शब्दकोश छापून आला. तिच्यात वाक्य कर्मानं सुरू होतं आणि कर्त्यानं संपतं, ‘आंबा खाल्ला रामनं’ असं. पृथ्वीवर हा क्रम अगदी दुर्मीळ, म्हणूनच परग्रहवासीयांसाठी निवडलेला.

आपल्या जवळचं उदाहरण किलिकीचं. २०१५ च्या ‘बाहुबली’त कालकेय टोळीचा सरदार जे बोलतो ती भाषा तमिळ गीतकार मदन कार्की यांनी रचली. ऑस्ट्रेलियात शिकत असताना मुलांबरोबर खेळायला केलेल्या एका छोट्या भाषेतून ती वाढली. सुमारे ७५० शब्द आणि ४० व्याकरणनियम झाल्याचं त्यांनी सांगितलं आहे. त्यात ‘मी’ म्हणजे ‘मिन’, ‘तू’ म्हणजे ‘निम’. तोच शब्द उलटा. मुलांच्या खेळातली युक्ती युद्धाच्या प्रसंगात नेल्यावर धमकीसारखी वाजते. तरी माझं मत असं की किलिकीच्या मागं काळ उभा नाही, झीज नाही. ती ऐकायला जबरदस्त आहे, पण तिच्यात जुनं गाव सापडत नाही. सिनेमातल्या काही मिनिटांसाठी तेवढं पुरतं.

काही शब्दांचं मूळ गोष्टीच्या जगात नसून रचणाऱ्याच्या घरात असतं. दोथ्राकीत ‘एरिन’ म्हणजे दयाळू, चांगला. पीटरसन यांच्या तेव्हाच्या पत्नीचं नाव एरिन. त्यांच्याच दुसऱ्या भाषेत, हाय व्हलिरियनमध्ये, मांजराला ‘केली’ म्हणतात. त्यांच्या मांजरीचं नाव केली होतं. पाळण्यातलं नाव ठेवताना आजीचं अक्षर शोधणाऱ्या आपल्या लोकांना यात वेगळं समजावण्यासारखं काही नाही.

शिकवणीतली पोरं मला विचारतात, आम्हीही करू का? जरूर करा. एक लहानसा नमुना देतो, पूर्ण माझ्या मनाचा. समजा ‘थेर’ म्हणजे पाणी आणि ‘नूम’ म्हणजे खोल. खोल पाण्याचं एक तळं, त्याचं नाव थेरनूम. ‘थाल’ म्हणजे मीठ. आता लोक दोन बाजूंना पांगले. पूर्वेकडे सुरुवातीच्या ‘थ’चा ‘ह’ झाला आणि ‘र्न’चा ‘न्न’. त्यांच्याकडे मीठ ‘हाल’, तळं ‘हेन्नूम’. पश्चिमेकडे शेवटचा ‘म’ गळला. मीठ ‘थाल’च राहिलं, तळं ‘थेरनू’ झालं. एकाच तळ्याला आता दोन नावं, आणि दोन्ही काठांवरचे लोक आपलंच खरं म्हणणार. दोन-चारशे वर्षांनी तळं आटलं. पूर्वेकडे शेळीला ‘हेन’ म्हणतात. आटलेल्या तळ्यात शेळ्या चरताना पाहून लोक सांगू लागले, हेन्नूम म्हणजे शेळ्यांचं गाव. वेशीवर दगडाची शेळी बसली. तिची जत्रा सुरू झाली. दोन धातू आणि तीन नियम, एवढ्यातून एक गाव उभं राहिलं.

सुरुवात करताना शब्दकोश लिहायला बसू नका. आधी आवाज ठरवा, मग थोडे धातू: पाणी, दगड, झाड, काळा, उंच, घर, चालणं, पाहणं. गावांची नावं याच शब्दांतून निघतात. मग दोन-तीन ध्वनिनियम लिहा आणि ते सगळ्या शब्दांना लावा, आवडत्या शब्दालाही. तो बिघडला तर बिघडू द्या. कर्णाचा कान होताना मराठीनं कुणाला विचारलं नव्हतं. गावाकडं जाताना एसटीच्या खिडकीतून पाट्या वाचत जा, शेपट्या टिपून ठेवा, कुठं ‘वाडी’ संपते आणि कुठून ‘हळ्ळी’ सुरू होते ते बघा. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणारं कुणी असेल तर त्यांच्याकडून दूध, वाघ, फूल, नाव हे शब्द विचारून घ्या. वहीत तीन रकाने पाडा. पहिल्यात मूळ रूप, दुसऱ्यात आज लोक म्हणतात ते रूप, आणि तिसऱ्यात लोक त्या नावाचा काय अर्थ सांगतात ते. पहिला आणि तिसरा रकाना प्रत्येक वेळी जुळत असेल, तर एक-दोन ठिकाणी तरी तिसऱ्यातला अर्थ खोडून चुकीचा लिहा.